जत्रेतल्या नाटकासाठी कुठला कॅमेरा?

चवथीच्या फोटोंबद्दल मागच्या अंकात लिहिलं आणि पत्रांचा ढीग आला. निम्म्यांचा प्रश्न एकच: ‘पहिलाच कॅमेरा घेतोय, कुठला घेऊ?’ फोटो कशाचे काढणार, कुठे काढणार, याबद्दल मात्र अवाक्षर नाही. पायाचं माप न सांगता चपला मागवल्यासारखं झालं हे. सत्तरी तालुक्यातल्या एका शिक्षिकेने मात्र सगळं नीट लिहिलंय, म्हणून या वेळची बरीचशी जागा त्यांना.

प्रश्न: काका, नमस्कार. मी प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्या गावच्या देवळात काल्याच्या उत्सवाला दरवर्षी गावातलीच मंडळी मराठी नाटक करतात. यंदा माझे यजमान औरंगजेब झाले होते. मी पुढे बसून मोबाइलवर साठ-सत्तर फोटो काढले. एकातही औरंगजेब नाही! दाढीच्या वर पांढरा फुगा आणि मागे मिट्ट काळोख. घरात अजून थट्टा चाललीय. पुढच्या काल्याआधी कॅमेरा घ्यायचाच, असं ठरवलंय. ६० हजार रुपये साठवलेत, त्यावर एक रुपया नाही. पणजीत एका दुकानदाराने दोन लेन्सवाला डीएसएलआर (आत आरसा असलेला कॅमेरा) दाखवला, वर बॅग आणि ट्रायपॉड फुकट. भाचा म्हणतो डीएसएलआर मेला, मिररलेस (बिनआरशाचा) घे. भाऊजी दुबईला असतात, ते म्हणतात इकडून आणतो, स्वस्त पडेल. मला नाटक, चवथीची माटोळी (गणपतीच्या वर टांगलेली फळाफुलांची आरास) आणि शाळेचं स्नेहसंमेलन, एवढंच काढायचंय. पक्षीबिक्षी नको.
(एक शिक्षिका, सत्तरी)

उत्तर: बाई, आधी औरंगजेबांना माझा मुजरा सांगा.

त्या पांढऱ्या फुग्याचा दोष मोबाइलवर घालू नका. स्टेजवर मागे काळा पडदा, आणि उजेड फक्त माणसाच्या तोंडावर. कॅमेरा सगळ्या चौकटीची सरासरी काढतो. चौकटीचा तीन चतुर्थांश भाग काळा दिसला की त्याला वाटतं फारच अंधार आहे, मग तो उजेड वाढवतो आणि तोंड जळून जातं. साठ हजारांचा कॅमेरा घेतलात तरी तो हेच करणार. त्याला आवरायला प्रत्येक कॅमेऱ्यावर अधिक-उणे असं चिन्ह असलेलं बटण किंवा चकती असते. नाटकाला बसलात की ती उणे एक ते दीडवर नेऊन ठेवायची आणि तीन अंक होईपर्यंत तिला हात लावायचा नाही. मोबाइलवरही हे जमतं. तोंडावर बोट टेकवायचं, सूर्याचं चित्र येतं ते खाली ओढायचं. इतकं शिकायला पैसे पडत नाहीत, म्हणून सगळ्यांत आधी सांगितलं.

आता खरा प्रश्न: तुमच्या देवळात उजेड किती? ते मोजायचं साधन तुमच्या हातातच आहे. त्या साठ-सत्तर फोटोंतला एक उघडा आणि ‘तपशील’ किंवा ‘माहिती’ बघा. तिथे तीन आकडे सापडतील. समजा तुमच्या मोबाइलने लिहिलंय एफ १.८, १/५० सेकंद, आयएसओ १६००. मोबाइल आतल्या आत दोनचार फोटो एकावर एक रचतो, त्यामुळे हे माप अगदी सोनाराच्या काट्याचं नाही, पण आपल्याला पुरे. एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं दार मोठं. सेकंद म्हणजे शटर किती वेळ उघडं राहिलं, आणि आयएसओ म्हणजे आलेला उजेड कॅमेऱ्याने किती वाढवून घेतला. कॅमेऱ्याबरोबर येते ती किट लेन्स, म्हणजे १८-५५ (हे एमएमचे आकडे: लहान तितका कोन रुंद, मोठा तितकं दृश्य जवळ), झूम पुढे नेली की एफ ५.६ वर येऊन थांबते. एफ १.८ आणि एफ ५.६ यांच्यात उजेडाचा फरक जवळजवळ दहापट. म्हणजे मोबाइलने जो फोटो १/५० सेकंदात काढला, त्याला तुमचा नवा कोरा कॅमेरा त्याच आयएसओवर १/५ सेकंद घेणार. तेवढ्या वेळात औरंगजेब तलवार उपसून परत म्यान करतो. नाहीतर आयएसओ १६ हजारांवर न्या, मग चित्र असं दिसेल की कुणी त्यावर रवा पाखडलाय.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. २००६ साली मी रोल सोडले आणि पहिला डिजिटल घेतला. सहा मेगापिक्सेल, किट लेन्स, आणि आयएसओ १६०० च्या पुढे जायचाच नाही. घेतल्यानंतरचं पहिलंच काम म्हणजे फोंडा तालुक्यातल्या एका देवळातलं नाटक, पैसे आगाऊ मिळालेले. रात्री साडेअकराला पडदा वर गेला, पहाटे पावणेचारला पडला. घरी येऊन संगणकावर बघतो तर २१२ फोटोंतले धड १४. बाकीच्यांत कुणाचा हात हललेला, कुणाचं तोंड, कुणी सबंधच वाहून गेलेला. आणि ते १४ का धड आले? त्यातले नऊ नांदीचे होते. सगळे हात जोडून स्तब्ध उभे! मी पैसे परत करायला गेलो तर दिग्दर्शक बराच वेळ फोटो चाळत राहिले आणि म्हणाले, ‘‘नांदी बरी आलीय.’’ पैसे घेतले नाहीत त्यांनी. दुसऱ्या आठवड्यात एका मित्राकडून रोलच्या काळातली ५० एमएम एफ १.८ लेन्स मागून आणली, तोच कॅमेरा, तसंच स्टेज, आणि फोटो आले. कॅमेऱ्याची माझी सगळी पुढची खरेदी त्या रात्रीवर उभी आहे.

तेव्हा दुकानदाराला सांगा: ती दुसरी, ५५-२५०, लेन्स काढून घ्या आणि तिच्या जागी ५० एमएम एफ १.८ द्या. लांबची लेन्स बघायला दणदणीत दिसते, पण तिचाही एफ ४ ते ५.६, रात्रीच्या स्टेजवर तिचा उपयोग शून्य. ५० ही बहुतेक कंपन्यांच्या स्वस्त लेन्सांपैकी एक असते, आकाराने पेढ्याच्या छोट्या डब्याएवढी, आणि तिला झूम नाही. म्हणजे तुम्हालाच पुढेमागे व्हायचं. त्याचा हिशेब देतो. साधारण सुरुवातीच्या कॅमेऱ्यांत सेन्सर, म्हणजे आत चित्र उमटतं तो तुकडा, २३ मिलिमीटर रुंद असतो. त्यावर ५० लावून स्टेजपासून सहा मीटरवर बसलात, तर आडव्या चौकटीत पावणेतीन मीटर रुंदीचं स्टेज मावतं: समोरासमोर दोन पात्रं, मध्ये वादाला जागा. कॅमेरा उभा धरलात की एक पात्र मुकुटापासून मोजडीपर्यंत. सहा मीटर म्हणजे आपल्या देवळांच्या मंडपात तिसरी-चौथी रांग. आधी जाऊन खुर्ची धरा. सगळं स्टेज एका चौकटीत हवं असेल तेव्हा किट लेन्स १८ वर लावायची, भरपूर उजेडाचा प्रवेश बघून.

फ्लॅश उघडू नका. कॅमेऱ्यावरचा इवलासा फ्लॅश तीन-चार मीटरच्या पुढे काही उजळत नाही. पुढच्या रांगेतल्या आजोबांचं टक्कल मात्र लखलखतं, पात्राची नजर फिरते आणि मागून शिव्या येतात. आणखी एक. हल्ली स्टेजवर एलईडी दिवे असतात आणि स्वस्त एलईडी विजेच्या तालावर सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्यांना कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. फोटोत आडवे काळे पट्टे आले तर शटर १/१०० किंवा १/५० वर आणा आणि ‘सायलेंट’ मोड बंद करा. आवाज नको म्हणून हौसेने तो चालू करतात आणि पट्टे त्यातच जास्त येतात.

माटोळीचं उलट आहे. तिथे किट लेन्सच कामाची. चवथीची खोली लहान, माटोळी वर छताला, मागे सरकायला जागा नाही, म्हणून १८ चा रुंद कोन लागतो. माटोळी हलत नाही, तेव्हा शटर मंद चालतं, फक्त कॅमेरा कशावर तरी टेकवा. एक करा: खोलीतली ट्यूब आणि ती लुकलुकणारी रंगीत माळ पाच मिनिटं बंद करा, दार आणि खिडकी सताड उघडा. बाहेरच्या पावसाळी उजेडात सुपारीचं शिंपुट, कांगलं, घागऱ्या, तोरिंग यांचे रंग वेगवेगळे दिसायला लागतात. ट्यूबखाली सगळंच हिरवट. घरचे ओरडतील, ओरडू देत. स्नेहसंमेलन म्हणजे नाटकच, फक्त पात्रं लहान आणि जास्त हलणारी.

भाच्याचं निम्मं बरोबर आहे. कॅनन आणि निकॉन या दोघांनीही २०२० नंतर नवा डीएसएलआर काढलेला नाही, सगळा जोर मिररलेसवर आहे. नवशिक्याला मिररलेसचा एक फायदा खराखुरा: फोटो कसा येणार ते डोळा लावतानाच दिसतं. उणे एक केलंत की पांढरा फुगा तुमच्यादेखत औरंगजेब होतो. डीएसएलआरच्या काचेतून डोळ्यांना दिसतं तेवढंच दिसतं, निकाल नंतर. पण मिररलेसच्या नव्या किट लेन्स आकाराने लहान करण्याच्या नादात आणखी अंधाऱ्या झाल्यात. कॅनन आर ५० बरोबर येते ती १८-४५ लेन्स पुढच्या टोकाला एफ ६.३ आहे. म्हणजे ५० एमएमची गरज तिथे वाढली, कमी झाली नाही. शिवाय डीएसएलआरची बॅटरी नाटकाची अख्खी रात्र काढते, मिररलेसला दुसरी बॅटरी खिशात हवी. ‘मेला’ म्हणतात तो डीएसएलआर अजून फोटो काढतोच आहे, आणि मेल्यामुळे स्वस्त झालाय.

दुबईचं सांगतो, भाऊजींनी राग मानू नये. माझ्या एका नातेवाइकाने आखातातून मला अशीच एक बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा, आणली होती. सात महिन्यांनी शटर अडकलं. सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला, भारतातलं बिल दाखवा. नव्हतं. मग वॉरंटीत बसत नाही, पैसे भरा. वाचवलेल्या पैशांपेक्षा दुरुस्ती जास्त झाली. बॉडीची वॉरंटी बहुतेक वेळा ज्या देशात घेतली त्याच देशापुरती असते. भाऊजींना खजूर आणायला सांगा. इथे घेतानाही जीएसटीचं पक्कं बिल, त्यावर बॉडीचा क्रमांक आणि शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड घेतल्याशिवाय दुकानाची पायरी उतरू नका. ‘बिलाशिवाय घेतलंत तर दोन हजार कमी’ असं कुणी म्हणालं की समजायचं, ते दोन हजार तुमचेच जाणार आहेत.

भाव मी मुद्दाम लिहीत नाही, अंक तुमच्या हातात पडेपर्यंत ते बदललेले असतात. नवी मिररलेस बॉडी, किट लेन्स आणि ५० हे तिन्ही साठ हजारांत बसवताना ओढाताण होईल. नव्याचा हट्ट नसेल तर वापरलेला डीएसएलआर बघा. लग्नसराई संपली की आपल्याकडचे व्हिडिओ-फोटोवाले जुनं काढून नवं घेतात. जून-जुलै हा खरेदीचा महिना. मात्र विचारा, शटर किती वेळा पडलंय. सुरुवातीच्या बॉडींचं शटर साधारण एक लाख फोटोंच्या हिशेबाने बनवलेलं असतं. एका लग्नात दोन-अडीच हजार फोटो सहज होतात, म्हणजे चाळीस-पन्नास लग्नं झालेली बॉडी ही गुडघे गेलेली बॉडी. लग्नवाल्यापेक्षा एखाद्या हौशी माणसाचा, बायकोने ‘हे आता काढा’ म्हटलेला कॅमेरा बरा. तपासायला मोबाइलचा टॉर्च न्या. लेन्स काढून एका बाजूने उजेड टाका आणि दुसरीकडून बघा. आत कोळिष्टकासारखे धागे दिसले तर चहा पिऊन परत या. नंतर एफ १६ वर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, सेन्सरवरची धूळ ठिपक्यांसारखी दिसते. ती साफ होते, धागे सहसा होत नाहीत. आणि जुना निकॉन घेत असाल तर एक खोच लक्षात ठेवा: डी ३००० आणि डी ५००० या मालिकांतल्या बॉडींत फोकसची मोटर नाही. त्यांना ‘एएफ-एस’ लिहिलेली ५० च घ्या, नाहीतर रात्रभर हाताने कडं फिरवत बसाल.

मी तुमच्या जागी असतो तर? वापरलेला कॅनन २०० डी मार्क २, जास्तीत जास्त दोन-तीन वर्षं जुना, किट लेन्ससकट, आणि नवी कोरी ५० एफ १.८. उरलेल्या पैशांत काय घ्यायचं ते पुढच्या पत्रात आहे, तेही वाचाच.

प्रश्न: मुलाला बारावीनंतर कॅमेरा घेऊन दिला होता. तो शिकायला बंगळुरूला गेला, कॅमेरा कपाटात. दोन पावसाळ्यांनी काढला तर लेन्सच्या आत पांढरी बुरशी. दुकानदार म्हणतो नवा घ्या. पुन्हा हेच होणार असेल तर पैसे कशाला घालू?
(एक वाचक, फातोर्डा)

उत्तर: ताई, माझ्या तीन लेन्स एकाच पावसात गेल्यात, तेव्हा तुमचं दुःख मला सांगू नका.

मी काय केलं होतं ते ऐका. जूनच्या सुरुवातीला काम संपलं. मी तिन्ही लेन्स पुसून चामड्याच्या पिशव्यांत भरल्या, लोखंडी कपाटात साड्यांच्या खाली ठेवल्या आणि वर शहाणपणाने डांबरगोळ्या टाकल्या. कपाट बंद. चवथीला उघडलं तेव्हा चामड्यावर हिरवी लव होती, आणि लेन्सच्या आत, जिथे माझा रुमाल पोचत नाही तिथे, झाडाच्या मुळांसारख्या नक्षी. प्रत्येक गोष्ट चुकलेली. चामडं ओल धरून ठेवतं. कपाटात वारा नाही, उजेड नाही. आणि डांबरगोळ्या? निकॉनच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट छापलेलं असतं की डांबरगोळी किंवा कापराजवळ कॅमेरा ठेवू नका. ती पुस्तिका मी वाचली, तीही लेन्स गेल्यावर. मुंबईच्या कारागिराने दोन लेन्स खोलून साफ केल्या. तिसरीची काचच खाल्ली होती. बुरशी नुसती वर बसत नाही, तिच्यातून आम्ल सुटतं, ते काचेवरचा लेप आणि मग काच खरवडतं. म्हणून दोन पावसाळे थांबू नये. तुमची लेन्स आधी एखाद्या चांगल्या कारागिराला दाखवा. बॉडी बहुधा ठीक असेल, नवा अख्खा कॅमेरा घ्यायची गरज पडणार नाही. ती लेन्स दुसऱ्या लेन्सांशेजारी मात्र ठेवू नका.

आता उपाय, तो आपल्या बायकांना माझ्याआधीपासून माहीत आहे. पावसाच्या तोंडावर पुरुमेंत, म्हणजे पावसाळ्याचा साठा, भरताना पापड, सोलां, सुक्या मासळीचं सामान कसं ठेवता? झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात. कॅमेराही पुरुमेंतात घाला! रबराची कडी असलेला, हवा न जाणारा प्लॅस्टिकचा डबा घ्या. त्यात सिलिका जेल, नारिंगी दाण्यांचं. सुकं असतं तेव्हा नारिंगी, पाणी प्यायलं की हिरवं. (निळं-गुलाबी मिळतं त्यात कोबाल्ट असतं, स्वयंपाकघरात ते नकोच.) हिरवं झालं की वेगळ्या जुन्या तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा नारिंगी करा, गार करा, परत डब्यात. काही शे रुपयांत मिळणारा एक छोटा ओलावामापक आत ठेवा. ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये काटा असला की शांत झोपा. ६५-७० च्या वर बुरशीला आमंत्रण. पार ३० च्या खाली नेण्याचाही हट्ट नको, आतलं वंगण आणि रबर सुकतं. तांदळाच्या डब्यात कॅमेरा ठेवायचा सल्ला जो देतो त्याच्या घरी जेवायला जा, पण सल्ला ऐकू नका. तांदळाची पूड सगळीकडे शिरते.

लेन्स तीन-चार झाल्या तर विजेवर चालणारी कोरडी पेटी, ड्राय कॅबिनेट, घ्यावी. एकदाच खर्च, विजेचं बिल नगण्य. आणि मुलगा सुट्टीत येईल तेव्हाच वापरायचा, असं नको. पावसात आठवड्याला एकदा काढून चार फोटो काढा. घरातल्या मांजराचे काढा, पण काढा. बंद कॅमेऱ्याला बुरशी लागते, हातातल्याला क्वचित.

एसीचं एक. एसी खोलीतून कॅमेरा थेट अंगणात नेलात तर काचेवर दव साचतं, आतही. निघायच्या आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि बाहेर आल्यावर अर्धा तास तसाच राहू द्या. पणजीत सभागृहातलं काम संपवून मी हे रोज करतो, लोक समजतात मासळी नेतोय.

प्रश्न: बँकेतून निवृत्त झालो. रायबंदरला राहतो, फेरीने चोडणला जाऊन पक्षी बघतो. आता फोटो काढावेसे वाटतात. बजेट ८० हजार. डीएसएलआर आणि लांब लेन्स घेऊ की ते मोठ्या झूमचे कॅमेरे?
(एक वाचक, रायबंदर)

उत्तर: आपला हेवा वाटला. सलीम अली अभयारण्य उंबऱ्यावर! जेमतेम पावणेदोन चौरस किलोमीटरची खारफुटी, पण भरतीओहोटीप्रमाणे पक्षी बदलत राहतात.

पक्ष्यांसाठी लांबी लागते. डीएसएलआरवर ३०० एमएम म्हणजे सुरुवात, समाधान नव्हे. ६०० पर्यंतची लेन्स बॉडीसकट आपल्या पैशांत नवी येणार नाही, आली तरी दोन किलो वजन गळ्यात घालून चालावं लागेल. मी आपल्याला मोठ्या झूमचा कॅमेराच सुचवीन. निकॉनचा पी ९०० हा २०१५ साली आला, त्याची लेन्स एकटीच २४ ते २००० एमएमचं काम करते. त्याच जातीचे पी ९५० आणि पी १००० आहेत. पी १००० तीन हजारांपर्यंत जातो, पण त्याचं वजन १.४ किलोच्या वर. ९०० सुमारे ९०० ग्रॅम. चालायला कुठला बरा ते आपल्या खांद्याला विचारा.

यातली मेख सांगतो. या कॅमेऱ्यांचा सेन्सर सहा मिलिमीटर रुंद, डीएसएलआरच्या क्षेत्रफळाचा सुमारे तेरावा हिस्सा. टोकाला नेलं की लेन्सही एफ ६.५, एफ ८ अशी अंधारी. म्हणजे उन्हात बसलेला खंड्या झकास, खारफुटीच्या सावलीतला गढूळ. उडणारा तर विसराच. मघाच्या बाईंना मी हा कॅमेरा सात जन्मांत सुचवणार नाही, कारण त्यांचा औरंगजेब रात्री अकराला येतो. आपले पक्षी सकाळी आठला येतात. उन्हं डोक्यावर आली की परत फिरा. पाण्यावरची हवा थरथरायला लागते आणि मग हजार एमएम काय, दोन हजार काय, सगळं पाण्यातल्या प्रतिबिंबासारखं हलतं.

प्रश्न: माझा फोन १०८ मेगापिक्सेलचा आहे. दुकानात ९० हजारांचा कॅमेरा फक्त २४ चा! मग पैसे कशाचे?
(एक विद्यार्थी, म्हापसा)

उत्तर: बाबा, घागर एवढीच आणि भोकं जास्त, असं आहे ते. १०८ मेगापिक्सेलचे बहुतेक फोन नऊ-नऊ ठिपके एकत्र करून तुला १२ मेगापिक्सेलचाच फोटो देतात, सेटिंगमध्ये जाऊन मुद्दाम बदललं नाहीस तर. कॅमेऱ्याचा सेन्सर फोनच्या सेन्सरच्या पाचेकपट मोठा, पैसे त्या जागेचे आणि लेन्सचे. ए-४ आकाराचा उत्तम प्रिंट काढायला नऊ मेगापिक्सेलसुद्धा लागत नाहीत. तू फोटो कुठे लावतोस ते लिहिलं नाहीस. मोबाइलवरच दाखवणार असलास तर तुझा फोन छान आहे, पैसे ठेव.

प्रश्न: कॅमेऱ्याबरोबर कार्ड आणि यूव्ही फिल्टर (लेन्सवर लावायची काच) घ्याच म्हणतात. घेऊ का?
(एक वाचक, काणकोण)

उत्तर: कार्ड पाहिजेच. ६४ जीबीचं, व्ही ३० (ही वेगाची खूण) लिहिलेलं, माहितीच्या दुकानातून. बाजारात नकली फार, घरी आल्यावर ते एकदा पूर्ण भरून बघा, नकली कार्ड अर्ध्यावर फोटो गिळायला लागतं. एका मोठ्या कार्डापेक्षा मध्यम दोन बरी.

फिल्टरचं म्हणाल तर आपल्या काणकोणात समुद्राचा खारा फवारा आणि वाळू आहे, किनाऱ्यावर तो लावा. लेन्सच्या काचेपेक्षा तो पुसणं सोपं. रात्री दिव्यांचे, नाटकाचे, फोटो काढताना मात्र काढून खिशात टाका. नाहीतर प्रत्येक दिव्याचं एक हिरवं भूत फोटोत तरंगतं. शिक्षिकाबाईंनीही हे लक्षात ठेवावं. औरंगजेबाच्या पगडीवर हिरवा दिवा दिसला तर घरातली थट्टा आणखी एक वर्ष चालेल.